आधी उतरायला शिका

मोठं ऑपरेशन होऊन घरी आलेला माणूस महिना-दीड महिन्यात बरा दिसू लागतो. टाके निघालेले असतात, भूक परतलेली असते, आणि जिन्याखाली धूळ खात उभी असलेली सायकल त्याला दिसायला लागते. अमरावती-अकोल्याकडे मग तपासणीच्या वेळी ठरलेला प्रश्न येतो, "सायकल चालवू काय जी आता?"

प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. पायडल मारणं हा सायकल चालवण्यातला सगळ्यात सोपा भाग. शरीराची खरी परीक्षा होते ती चढताना, उतरताना, अचानक ब्रेक दाबताना आणि कललेली सायकल सावरताना. गल्लीतून कुत्रं आडवं आलं, समोरच्या ऑटोनं वळण घेतलं, की त्या क्षणी छातीच्या हाडावर, गुडघ्यावर किंवा पोटाच्या टाक्यांवर जो झटका बसतो तो अर्धा तास शांतपणे पायडल मारून बसत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारताना प्रश्न पुरा विचारावा: मला न धडपडता थांबता कधीपासून येईल, आणि समजा पडलोच तर काय होईल? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ऑपरेशनला वेगळं आहे.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते बायपासवाल्यांनी, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात. वरची जखम दोन-तीन आठवड्यांत सुकते, त्यामुळे माणसाला वाटतं की झालं. आतलं हाड मात्र सांधायला साधारण ८ ते १२ आठवडे घेतं. साखर ताब्यात नसेल, तंबाखू सुटलेली नसेल, तर त्याहूनही जास्त. या काळात जड उचलू नका, ओढू नका, ढकलू नका असं सांगितलं जातं. उचलण्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी ३-४ किलोची असते. आता साधी काळी सायकल पाहा. ती वीस किलोच्या आसपास भरते. आपल्या घरांना ओटा असतो, ओट्याला दोन-तीन पायऱ्या असतात, आणि रात्री सायकल उचलून आत घेण्याची सवय असते. रस्त्यावर अगदी जपून चालवणारा माणूस घरी येऊन तीच सायकल एका हिसक्यात ओट्यावर चढवतो. छातीच्या हाडाला हे रस्त्यापेक्षा महाग पडतं. पहिले ३ महिने सायकल आत-बाहेर करण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, किंवा सायकल खालीच साखळीनं बांधून ठेवावी.

ब्रेकचंही तसंच. पुढचा ब्रेक जोरात दाबला की सायकल थांबते, पण अंग पुढं जात राहतं. तो सगळा भार तळहातांवर येतो, तिथून खांद्यांत आणि खांद्यांतून थेट छातीवर. हँडल खाली आणि सीट वर असलेल्या, पुढं वाकून चालवायच्या सायकलवर हा भार आणखी वाढतो. म्हणून बायपासनंतरच्या पहिल्या वर्षात हँडल सीटपेक्षा उंच असावं, पाठ सरळ राहावी आणि हातांवर फक्त हातांचंच वजन असावं. मिस्त्रीकडून ब्रेक इतके हलके करून घ्यावेत की दोन बोटांनी लागतील. मागचा आधी, पुढचा नंतर, ही सवय मुद्दाम लावून घ्यावी.

रस्त्यावरची सायकल १२ आठवड्यांनंतर, तीही डॉक्टरांनी हाड जुळल्याचं पाहून आणि गरज वाटल्यास टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची चाचणी करून होकार दिल्यानंतर. मधल्या काळात नुसतं बसून राहायचं नाही. आधी चालणं. सपाट रस्त्यावर सलग अर्धा तास दम न लागता चालता येत नसेल तर सायकलचा विषयच काढू नये. चालणं जमू लागलं की चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास, परवानगी असेल तर, व्यायामाची जागेवरची सायकल सुरू करता येते. तिला ना तोल सांभाळायचा असतो, ना ब्रेक मारायचा. पाच-सात मिनिटं, कसलाही जोर न लावता, हात हँडलवर नुसते टेकवून. दर दोन-तीन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवावीत.

यात एक गोष्ट हटकून चुकते. माणूस पंधरा मिनिटं सायकल चालवतो, घंटी वाजली की झटकन उतरतो आणि त्याला गरगरतं. व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. पाय हलत असतात तोवर स्नायू रक्त वर ढकलत राहतात. पाय एकदम थांबले की रक्त खालीच साचतं आणि रक्तदाब घसरतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हे जास्तच जाणवतं. म्हणून शेवटची पाच मिनिटं अगदी हळू, आणि उतरल्यावर थोडं चालून मगच बसायचं.

हल्ली मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके दिसतात. ज्यांना मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या आकड्यांवर विसंबू नये. या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. २२० मधून वय वजा करायचं सूत्र त्यांना लागू पडत नाही. हृदयावर ताण आलेला असतो आणि घड्याळ सगळं ठीक असल्याचं सांगतं. त्यापेक्षा गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं बनवलेली मोजपट्टी उपयोगी आहे. मेहनत किती वाटते याला स्वतःच ६ ते २० मध्ये गुण द्यायचे. ६ म्हणजे स्वस्थ बसणं, २० म्हणजे जीव जाईल अशी मेहनत. हृदयाच्या रुग्णांना सहसा ११ ते १३ मध्ये राहायला सांगतात, "हलकं" आणि "थोडं कष्टाचं" यांच्या मध्ये. आकडे नको असतील तर बोलून पाहा. शेजारून चालवणाऱ्याशी पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता मध्येच श्वास घ्यावा लागला की वेग कमी करायचा.

वरच्या सगळ्याला एक अट आहे. छातीच्या हाडात कट्कट् वाजणं किंवा हलल्यासारखं वाटणं, जखमेतून पाणी येणं, ताप, छातीत दाटणं, धडधड, एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंच्या वर वजन वाढणं, पायांवर नव्यानं सूज: यातलं काहीही दिसलं तर सायकल बंद आणि डॉक्टरांना फोन. पायातली शीर काढून बायपास केलेल्यांच्या त्या पायावर थोडी सूज बरेच दिवस राहू शकते. ती रात्री पाय उंच ठेवल्यावर उतरत असेल तर फार घाबरायचं कारण नाही, पण तीही एकदा दाखवून घ्यावी.

आता गुडघा. वऱ्हाडात गुडघे बदलून घेतलेली माणसं प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यांना सायकल वरदान आहे, कारण अंगाचा भार सीटवर असतो आणि गुडघ्याला नुसतं वाकायचं काम उरतं. पायडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो, आणि ऑपरेशननंतर सुरुवातीला तो तेवढा वाकत नाही. अशा वेळी जोर करून फेरा पूर्ण करायचा नाही. जागेवरच्या सायकलवर सीट उंच ठेवून पायडल पुढं अर्धा फेरा, मागं अर्धा फेरा असं झुलवत राहावं. बहुतेकांना पहिला पूर्ण फेरा उलट्या दिशेनं जमतो, सुलट नंतर. सुलट फेरे सहज होऊ लागले की सीट हळूहळू खाली आणायची. रस्त्यावरची सायकल ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं.

पण इथंही प्रश्न थांबण्याचा आहे, आणि त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. आपल्याकडे सायकलवर डाव्या बाजूनं चढतात, उजवी टांग मागून टाकतात आणि थांबताना डावा पाय जमिनीला टेकतात. डावा गुडघा बदललेला असेल तर प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक गतिरोधकाशी सगळा भार त्याच नव्या गुडघ्यावर येतो. उजवा बदललेला असेल तर टांग टाकणंच अवघड होतं. दोन्हींवर उपाय एकच, मधला दांडा नसलेली लेडीज सायकल. पुरुषांना तिचा संकोच वाटतो. माझं स्पष्ट मत आहे की सत्तर वर्षांच्या माणसानं या संकोचापायी पुन्हा हॉस्पिटल गाठू नये. त्यातही पहिले काही महिने सीट एवढी खाली असावी की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. पायडलला ते थोडं अवघडल्यासारखं होईल, गुडघाही जास्त वाकेल. म्हणून आधी जागेवरच्या सायकलवर तेवढं वाकणं कमवायचं आणि मगच रस्त्यावर यायचं.

खुबा बदललेल्यांना, विशेषतः मागच्या बाजूनं ऑपरेशन झालं असेल तर, सुरुवातीचे काही आठवडे मांडी ९० अंशांपेक्षा जास्त वर न घेण्याची आणि पायावर पाय न टाकण्याची ताकीद असते. त्यांना खालची सीट चालत नाही आणि टांग टाकणं तर मुळीच चालत नाही. त्यांनी शल्यचिकित्सकाचा स्पष्ट होकार येईपर्यंत चालण्यावरच समाधान मानावं.

पोटाच्या ऑपरेशनांमध्ये फरक खूप आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला माणूस दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सायकलवर येऊ शकतो. मोठी चीर घेतलेल्यांना, जाळी बसवलेल्या मोठ्या हर्नियाला, सिझर झालेल्या किंवा गर्भाशय काढलेल्या बाईला ६ ते ८ आठवडे थांबावं लागतं. घरच्या घरी पाहायची खूण अशी: जोरात खोकून पाहा, पलंगावरून आधार न घेता उठा. यातल्या कुठल्याही वेळी टाक्यांच्या जागी ओढ किंवा दुखणं जाणवलं तर अजून वेळ आहे. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्यांची अडचण मात्र सीटचीच. दाब नेमका ऑपरेशनच्या जागेवर येतो आणि रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. निदान ६ आठवडे, आणि डॉक्टरांनी ३ महिने सांगितले तर ३ महिने. नंतरही रुंद, मऊ सीट बसवून घ्यावी.

चढण्या-उतरण्याचा सराव रस्त्यावर जाऊन करायचा नसतो. अंगणात, बंद गल्लीत किंवा कॉलनीच्या रिकाम्या मैदानात, एक माणूस कॅरिअर धरून उभा असताना करायचा. चार पावलं चालवायची, मागचा ब्रेक, दोन्ही पाय खाली, उतरायचं. पुन्हा. यात दम लागत नाही म्हणून लोक कंटाळतात, पण आठवडाभर हेच करावं. मग मान वळवून मागं पाहता येतं का ते तपासावं. बायपासनंतर पाठ-खांदे आखडलेले असतात आणि मागून येणारा ट्रक न पाहताच माणूस उजवीकडे वळतो. एका हातानं इशारा करून सायकल सरळ चालवता येते का, हेही पाहावं. हे सगळं जमल्यावर गल्लीबाहेर पडायचं.

कुठं जायचं? अमरावतीत वडाळी आणि छत्री तलावाचे रस्ते सकाळी रम्य असतात, पण तिकडं जमीन पोहऱ्याच्या टेकड्यांकडे चढत जाते. चढ लागला की लोक उतरून सायकल ढकलतात आणि त्यांना वाटतं आपण आराम करतोय. चढावर सायकल ढकलणं म्हणजे दोन्ही हातांनी छातीसमोर जोर लावणं, जे सुरुवातीला नेमकं टाळायचं असतं. परतीच्या उतारावर पुन्हा सगळा भार ब्रेकवर. म्हणून सुरुवातीला शहरातल्या सपाट, रुंद, कमी वर्दळीच्या वस्त्या बऱ्या. अकोल्याला पूर्णा खोऱ्याची सपाटी लाभली आहे. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या बाजूला झाडीही आहे. पण शहर ओलांडलं की सावली संपते आणि वारा मोकळा मिळतो. जाताना वारा समोरून घ्यावा म्हणजे येताना तो पाठीवर येतो. उलट केलं तर अंगातली ताकद संपलेली असताना वाऱ्याशी झगडावं लागतं.

महामार्गाचा मोह आवरावा. अमरावती-अकोल्याच्या मध्ये लोणी ते माना दरम्यान एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुरेख आहे, त्यामुळेच त्यावर वाहनं वेगात असतात. भरधाव कंटेनर जवळून गेला की त्याची हवा सायकलला आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. तिथं अचानक थांबण्याची सोय नाही, आणि आपल्याला पहिलं वर्षभर अचानक थांबता येणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. चिखलदऱ्याचाही हट्ट नको. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटरवर आहे आणि परतवाड्याहून घाट चढायचा तर निरोगी माणसाची छाती भरून येते. तिथं जाण्याआधी निदान वर्षभराची सपाटीवरची सायकल आणि नवीन टीएमटी, दोन्ही हातात असावीत.

उन्हाळ्याबद्दल मी कडक आहे. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढं गेला होता, आणि ४४-४५ अंश तर इथं दरवर्षीचेच. बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचं शरीर उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाही. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत सकाळी साडेसातच्या आत घरी परतावं, संध्याकाळच्या फेरीचा विचार सोडावा, कारण डांबर आणि भिंती रात्रीपर्यंत उष्णता ओकत असतात. पाण्याचाही प्रश्न विचारून घ्यावा. उन्हातून आलेल्या माणसाला आपण प्रेमानं मीठ-साखर-लिंबाचं पाणी पाजतो. ज्याला मीठ कमी आणि पाणी मोजून सांगितलं आहे त्याला ते त्रासदायक ठरू शकतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर येतो आणि त्यावर ब्रेक दाबला की सायकल घसरतेच. ते तीन-चार महिने जागेवरची सायकल बरी. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून हृदयवाल्यांनी ऊन अंगावर आल्यावरच निघावं.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांना हेल्मेट सक्तीचंच समजावं. पडल्यावर डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जावं. डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं आणि त्याची खूण काही तासांनी दिसते. खिशात एक कागद असावा: नाव, रक्तगट, कुठलं ऑपरेशन, तारीख, चालू गोळ्या, घरचा फोन. सॉर्बिट्रेटची गोळी दिलेली असेल तर तीही. छातीत दाटलं तर आधी सायकल सोडून खाली बसायचं, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी जिभेखाली, आणि थांबलं नाही तर १०८ ला फोन. मोटरसायकलवर मागं बसून दवाखान्यात जायचं नाही.

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. बरीच मोठी ऑपरेशनं नागपूरला किंवा सावंगीला होतात. शल्यचिकित्सक शे-अडीचशे किलोमीटर दूर, आणि गावातल्या डॉक्टरांना आत नेमकं काय केलं ते ठाऊक नसतं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या आणि पुढची तारीख असते, सायकलबद्दल सहसा काही नसतं. म्हणून सुट्टी मिळण्याच्या दिवशीच विचारून कार्डावर लिहून घ्या: किती किलो उचलायचं, जागेवरची सायकल कधी, रस्त्यावरची कधी, कुठल्या खुणांवर थांबायचं. इथं आल्यावर ते कार्ड स्थानिक डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट या दोघांनाही दाखवा.

घरच्यांशीही बोलायचं आहे. बायपासनंतर अनेकांना काही आठवडे उदास वाटतं, रडू येतं, झोप उडते. हे नेहमी होणारं आहे, आणि लांबलं तर त्याचेही उपचार आहेत. अशा वेळी मुलगा सायकलची चावी लपवतो, आणि शेजारी म्हणतात, "आता कायले पाहिजे सायकल, बाप्पा?" माणूस आणखी मिटतो. त्याला अडवू नका आणि घाईही करू नका. सोबत जा. अमेरिकेचा सायकलपटू ग्रेग लेमॉण्ड एप्रिल १९८७ मध्ये शिकारीत बंदुकीचे छर्रे लागून मरता मरता वाचला. अनेक छर्रे शरीरातच राहिले. टूर द फ्रान्सच्या पुढच्या दोन शर्यती त्याला हुकल्या. १९८९ मध्ये त्यानं ती अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. जगातल्या अव्वल सायकलपटूलाही दोन वर्षं लागली, हे घरातल्या उतावळ्यांना जरूर सांगा.

किती वाढवायचं याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लावावा. सकाळी थकवा उरला असेल, सूज दिसत असेल, बसल्या जागी नाडी रोजच्यापेक्षा दहा ठोक्यांनी जास्त असेल, तर कालचं जास्त झालं. आधी वेळ वाढवायचा, मग अंतर, मग चढ. एका आठवड्यात एकच गोष्ट. ओझं सगळ्यात शेवटी.

ओझ्याचं मी मुद्दाम वेगळं लिहितो, कारण दूध, पेपर, भाजी पोचवणाऱ्याची आणि एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याची सायकल पोटासाठी असते. त्याला वर्षभर थांबा म्हणणं सोपं आहे, पण त्याचं घर चालत नाही. डॉक्टरांना त्यानं आपलं काम नीट सांगावं: कॅरिअरवर किती लिटरचे कॅन असतात, किती वेळा उतरवावे लागतात, रस्त्यात किती चढ आहे. परवानगी मिळाली की पहिले काही आठवडे रिकाम्या सायकलनं तोच रस्ता, त्याच वेळी करून पाहावा. मग चौथाई ओझं, दोन्ही बाजूंना सारखं. एका बाजूला लटकलेला कॅन थांबताना सायकल पाडतो. हेच घरच्या दळणालाही लागू आहे. चक्कीपर्यंत दहा किलोंचा डबा कॅरिअरवर नेणं जमेल, पण तो जमिनीवरून उचलून चढवणं आणि परत उतरवणं हे निदान ३ महिने चक्कीवाल्यानं किंवा सोबतच्यानं करावं.